इंग्लंडचे वार्तापत्र : फलकाच्या हद्दीपुरता कायदा

इंग्लंड आणि वेल्समध्ये एखाद्या बागेत, बाजारपेठेत किंवा गल्लीत कशाला मनाई असावी, हे ठरवण्याचा मोठा अधिकार स्थानिक कौन्सिलकडे आहे. २०१४ साली झालेल्या समाजविघातक वर्तनाविषयीच्या कायद्याने ‘पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर’, म्हणजे पीएसपीओ, हे साधन कौन्सिलच्या हाती दिले. कुत्र्याची घाण न उचलणे, रात्री मोटारी जमवून शर्यती लावणे, उघड्यावर दारू पिणे अशा गोष्टींवर हे आदेश निघतात. दारूच्या बाबतीत नुसते पिणे गुन्हा ठरत नाही. थांबायला सांगूनही न थांबणे, बाटली न देणे हा गुन्हा ठरतो. आदेशाची हद्द संपली की मनाईही संपते.

१९९८ च्या कायद्याने आलेला ‘ॲस्बो’ हा आदेश न्यायालय एका विशिष्ट व्यक्तीवर बजावत असे. पीएसपीओ जागेवर लागू होतो आणि तिथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला बांधतो. त्यासाठी आधी न्यायालयात जावे लागत नाही. त्रास सततचा आणि अवाजवी आहे, त्याने परिसरातल्या लोकांचे जगणे बिघडते आहे, एवढे कौन्सिलला पटले, पोलिसांशी आणि स्थानिकांशी सल्लामसलत झाली, की आदेश निघतो. तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, पण मुदत वाढवता येते. जागेवरच्या दंडाची कमाल मर्यादा १०० पौंड ठरली. खटला भरला गेला तर दंड १,००० पौंडांपर्यंत जातो, दारूच्या गुन्ह्यात ५०० पर्यंत.

यातली एक तक्रार मराठी वाचकाला चांगलीच ओळखीची वाटेल. वायव्य लंडनच्या ब्रेंट भागात, वेम्बलीच्या रस्त्यांवर पानाच्या पिचकाऱ्यांचे डाग पडतात. थुंकणाऱ्यांना दंडाची ताकीद देणारे फलक कौन्सिलने लावले आहेत. लेस्टरमध्ये अशी ताकीद गुजरातीतूनही दिली गेली.

अशा दंडाबद्दल फारसे दुमत नसते. मात्र ‘लोकांचे जगणे बिघडवणारे’ हे शब्द इतके सैल आहेत की त्यात निराधार माणूसही सापडतो. २०१५ मध्ये पूर्व लंडनच्या हॅकनी कौन्सिलने उघड्यावर झोपण्याचा समावेश आदेशात केला. ८० हजारांहून अधिक लोकांनी त्याविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कौन्सिलने ते कलम मागे घेतले. फुटपाथवर झोपणाऱ्याकडे १०० पौंड नसतात हे उघड आहे. त्याच्यावर दंड लावणे हा अन्यायच. निव्वळ बेघर असण्यावरून असे आदेश काढू नयेत, असे सरकारने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले.

याच अधिकाराने दुर्बळांना संरक्षणही मिळाले आहे. २०१८ मध्ये पश्चिम लंडनच्या ईलिंग कौन्सिलने एका गर्भपात केंद्राभोवती निदर्शनांना मनाई केली. तिथे जाणाऱ्या स्त्रियांना गाठून त्यांच्या हाती पत्रके देणे, त्यांच्यासमोर प्रार्थना करणे असे प्रकार वर्षानुवर्षे चालू होते. अपील न्यायालयाने २०१९ मध्ये हा आदेश उचलून धरला. ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक केंद्राभोवती १५० मीटरचे संरक्षित क्षेत्र संसदेच्या कायद्यानेच लागू झाले.

आदेशाला आव्हान द्यायचे तर ६ आठवड्यांत हाय कोर्टात जावे लागते, आणि तो खर्च सामान्य माणसाला झेपणारा नाही. काही कौन्सिलांनी दंडाच्या पावत्या फाडण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपवले आहे. जितक्या पावत्या तितकी कमाई असा करार असेल, तर किरकोळ चुकीवरही पावती फाडण्याचा मोह होणारच. म्हणूनच जागेवरच्या दंडाची मर्यादा ५०० पौंडांवर नेण्याचे कलम, जे सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात घातले, चिंता वाढवणारे आहे.