पहिल्या शब्दाच्या आधी

‘टा’ आणि ‘ता’ मराठी माणसाला वेगळे ऐकू येतात, यात नवल ते काय? पण फक्त इंग्रजी ऐकत वाढलेल्या माणसाला ते बहुतेकदा एकच वाटतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच उच्चार इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. आवाज बदलला की शेजारच्या पेटीतलं खेळणं उजळून हलू लागे; ज्याला फरक कळे ते बाळ खेळणं हलण्याआधीच तिकडे मान वळवी. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, १० ते १२ महिन्यांच्या मात्र फारच थोड्यांना. त्याच वयाच्या, हिंदी घरांतल्या बाळांना तो नीट कळत होता. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचा-उपचार शिकणाऱ्याने मनात कोरून ठेवावा असा आहे. तोंडातून शब्द फुटू लागेपर्यंत कान घरच्या भाषेचा झालेला असतो.

म्हणून जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचे पहिले महिने फार मोलाचे. आणि फसगत इथेच होते. असं बाळही रडतं, हसतं, हुंकार देतं; घरच्यांना शंका येत नाही. ऐकणारी मुलं साधारण १० महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू करतात. कर्णबधिर मुलांत हे लांबतं, असं ऑलर आणि आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं. पण तोवर थांबायचंच कशाला? ओएई नावाच्या श्रवणचाचणीत बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून बारीक आवाज सोडतात आणि निरोगी अंतर्कर्णातून उमटणारा क्षीण प्रतिध्वनी टिपतात. बाळ झोपलेलं असतानाच काही मिनिटांत हे होतं. महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांत निदान, ६ महिन्यांत उपचार, असा अनेक देशांत मानला जाणारा दंडक आहे.

शब्दाआधीच्या खुणांत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते बाळाचं बोट. वर्षाच्या आसपास मूल बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवतं, तेव्हा त्याला बिस्किट हवं असतं. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट करून ते आईकडे वळून पाहतं, तेव्हा त्याला काहीच नको असतं. आपण पाहिलं ते तिनेही पाहावं, एवढंच. एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हा भेद मांडला. स्वमग्न मुलांत दुसरा इशारा बहुधा कमी दिसतो. म्हणून दोन वर्षांचं न बोलणारं मूल समोर आलं, की जाणती स्पीच थेरपिस्ट आधी शब्द मोजत बसत नाही. ती साबणाचे फुगे उडवते आणि मूल फुग्यावरून नजर काढून आपल्याकडे पाहतं का, ते बघते.

‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे घरातली मोठी माणसं मायेनंच म्हणतात. काही मुलं उशिरा बोलूनही बरोबरीला येतात, हे खरंच. पण आपलं मूल त्यातलंच आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गळू लागले, तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत, नाहीतर जवळच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन आधी कान तपासून घ्यावा.