घराला कुलूप लागलं आणि...

आमच्या घराला कुलूप लावायची सवयच नव्हती. सासूबाई होत्या ना! मी बचत गटाच्या बैठकीला जावो, ह्यांची शाळा असो, मुलाचं कॉलेज असो. दुपारच्या वेळी पडवीतल्या कॉटवर सासूबाई आणि कॉटखाली ठिपक्या ही जोडी ठरलेली. मागच्या श्रावणात सासूबाई गेल्या. मुलगा त्याआधीच पुण्याला शिकायला गेला होता. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि पुढच्या सोमवारी बाहेर पडताना लक्षात आलं, की आपल्या घराचं कुलूप कुठं आहे हेच आपल्याला माहीत नाही! शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं आणलं.

बाहेरून कुलूप, आत ठिपक्या एकटा.

ठिपक्या म्हणजे काही ऐटबाज जातीचा कुत्रा नव्हे. मुलगा दहावीत असताना भर पावसात गटाराच्या कडेला सापडलेलं गावठी पिल्लू. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून ठिपक्या. चार वर्षांत त्यानं कधी कशाला तोंड लावलं नव्हतं. पण त्या सोमवारी संध्याकाळी दार उघडलं आणि मी दारातच मटकन बसले. उशीचा कापूस घरभर, दाराच्या चौकटीवर ओरखडे आणि आमच्या गटाच्या हिशोबाच्या वहीच्या चिंध्या! बावीस बायकांच्या हप्त्यांची वही होती ती. पुढच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक घेऊन मला सगळा हिशोब नव्यानं लिहावा लागला.

शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, “वहिनी, राग मानू नका. पण तुम्ही गेलात की हा तासभर गळा काढून रडतो. माझं दुपारचं अंग टाकणं बंद झालंय.” ह्यांनी सरळ निकाल दिला, “महिनाभर बघू. नाहीतर भावाच्या मळ्यावर सोडून येऊ.” मळ्यावर नेलेल्या कुत्र्यांचं पुढं काय होतं, ते गावाकडच्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

मग मी सगळे करतात तेच केलं. परसात पेरूच्या झाडाला साखळीनं बांधून जायला लागले. वही वाचली, उशी वाचली. पण आठवडाभरात त्याच्या मानेवरचे केस गेले आणि कातडी लाल झाली. औषधासाठी जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी मान बघितली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “ताई, तुम्ही महिलांना कायदे समजावून सांगता ना? मग हाही माहीत असू द्या. कुत्र्याला कायम बांधून ठेवायचं आणि फिरवायचंही नाही, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात कोंडलेल्या बायकांच्या बाजूनं बोलणारी मी, आणि माझ्याच परसात हे!

डॉक्टर पुढं म्हणाले ते मात्र मनात रुतलं. “हा द्वाड नाही हो, रिकामा आहे. आजी होत्या तोवर त्याला काम होतं. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्या उठल्या की उठायचं. आता दिवसभर करायचं काय त्यानं?”

खरंच की! आपल्याला विरंगुळ्याला टीव्ही आहे, फोन आहे, शेजारीण आहे. कुत्र्याला काय? त्याचं वाचन-मनन सगळं नाकानं चालतं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात असतात असं सांगतात. म्हणजे त्याला रमवायचं तर आधी त्याच्या नाकाला काम द्यायला हवं. डॉक्टरांनी दिशा दाखवली, बाकी मी घरातल्या घरात करत गेले.

पहिली गोष्ट, सकाळचं फिरणं. पूर्वी मी त्याला पाच मिनिटांत ओढत नेऊन आणायची. आता ऊन चढायच्या आत अर्धा तास जातो. तो प्रत्येक खांबाशी, प्रत्येक पायरीशी थांबतो. मी थांबू देते. त्याचा तो पेपर वाचायचा वेळ! फिरून आलेला, दमलेला कुत्रा निम्मी दुपार झोपून काढतो.

दुसरी गोष्ट, आयतं ताट बंद. सकाळची अर्धी भाकरी ताटलीत, उरलेली अर्धी ‘शोधून खा’. जुन्या टॉवेलवर भाकरीचे तुकडे पसरायचे, टॉवेल गुंडाळायचा, सैलसर गाठ मारायची. कधी खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून त्यांत तुकडे लपवायचे. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना, त्याच्या खळग्यांत उकडलेल्या लाल भोपळ्याच्या किंवा रताळ्याच्या फोडी ठेवून वर कागद झाकायचा. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढून टाकायची, नाहीतर पोटात जायची. कागदाचा पसारा होतो, पण हिशोबाच्या वहीपेक्षा तो बरा! तुमचा कुत्रा मात्र पुठ्ठा नुसता फाडत नसेल, गिळतच असेल, तर हा खेळ तुम्ही समोर असतानाच.

तिसरी गोष्ट आमची लाडकी. स्टीलच्या जड वाटीत बिनमिठाचा दहीभात दाबून भरायचा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. निघताना ती वाटी थोडा वेळ बाहेर ठेवून मग पुढ्यात द्यायची. चाटून चाटून ती संपवायला ठिपक्याला चांगला अर्धा तास लागतो. चाटण्या-चघळण्यानं कुत्रा शांत होतो. मी घरातून गेल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटंच त्याला सगळ्यात जड जायची, तो वेळ वाटीत निघून जातो.

याच नादात माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. आमचं तासगाव म्हणजे बेदाण्याचं गाव. घरोघरी डबे भरलेले. म्हटलं, दहीभातात मूठभर बेदाणे घालावेत, त्याची चंगळ होईल. सहज म्हणून डॉक्टरांना फोन केला, तर ते जवळजवळ ओरडलेच! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर बाधतील याचा नेम नसतो. एखाद्याला थोडेही पुरतात. वाटी तशीच उकिरड्यात रिकामी केली आणि बेदाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

आता चौथी गोष्ट, सगळ्यात अवघड. ती मला माझ्या बी.ए.नं शिकवली म्हणा ना! मानसशास्त्राच्या पेपराला रशियाच्या पावलॉव यांचा प्रयोग आम्ही पाठ केला होता. खाण्याच्या आधी खूण मिळत गेली, की नुसत्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. दहा मार्कांना लिहिलं आणि विसरले. वीस-पंचवीस वर्षांनी कळलं, की आमच्या घरात ती खूण म्हणजे किल्ल्यांचा जुडगा! मी साडी बदलली, पर्स घेतली, किल्ल्या वाजल्या, की ठिपक्या थरथरायला लागायचा. मग मी उलटं सुरू केलं. किल्ल्या घ्यायच्या आणि भाजी निवडत बसायचं. पर्स खांद्याला लावायची आणि चहा टाकायचा. दोन दिवसांत किल्ल्यांची धास्ती कमी झाली. मग कुलूप लावून मिनिटभरात परत. मग दोन मिनिटं, पाच, दहा, अर्धा तास. तो घाबरला की पुन्हा मागं यायचं, घाई करायची नाही. जाताना “येते हं माझ्या राजा” हा गळाभेटीचा कार्यक्रम बंद. आल्यावरही आधी चप्पल काढायची, पाणी प्यायचं, मग त्याचं कौतुक. तीन आठवडे गेले यात. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “वहिनी सारख्या आत-बाहेर काय करतात?” म्हणू देत.

आणखी एक, रेडिओ. सासूबाईंचा आकाशवाणी सांगलीवर फार जीव. त्या गेल्यापासून तो बंदच होता. २००२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी निराधार कुत्र्यांच्या आश्रमात वेगवेगळं संगीत लावून पाहिलं होतं. शास्त्रीय संगीत लागलं की कुत्रे जास्त विसावत, आणि ढणढणाटी संगीताला जास्त भुंकत. ते संगीत पाश्चात्त्य होतं, पण ठिपक्या कुठं भेदभाव करतोय? मी हळू आवाजात रेडिओ लावून जाते. रस्त्यावरचे आवाज तरी बुजतात.

महिना संपत आला तेव्हा मुलानं फोनवर युक्ती सांगितली. जुन्या मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून कपाटावर ठेवून जा. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि हे ऐकत बसलो. आधी वाटीचा खणखणाट, मग कागदांची खसफस, मग कितीतरी वेळ नुसता रेडिओ. हे म्हणाले, “झोपलाय गडी.” साडेतीनच्या सुमाराला मात्र नखांची टकटक ऐकू आली. पडवीकडे गेली, थांबली. एक बारीक कुंई आणि मग मोठा सुस्कारा.

साडेतीन. सासूबाईंच्या चहाची वेळ! बशीतला शेवटचा घोट आणि बिस्किटाचा तुकडा त्याचा असायचा.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. ह्यांनी चष्मा पुसला. मळ्याचं नाव त्यानंतर घरात निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली वाकळ होती. न धुता तशीच कॉटखाली अंथरली. ठिपक्यानं ती पाच मिनिटं हुंगली, तीनदा गोल फिरला आणि तिच्यावर अंग टाकलं. मग मी शेजारच्या काकूंकडे गेले आणि घराची दुसरी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, “काकू, दुपारी एकदा दार उघडून बघाल का? त्याला परसात सोडून आणायचं, पाणी बघायचं, एवढंच.” तक्रार करणाऱ्या काकू, पण त्याही दुपारी एकट्याच असतात, हे मला इतकी वर्षं कधी सुचलंच नव्हतं.

सगळं साधलंय असं नाही. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत मी त्याला एकटं ठेवत नाही. परवाच माझी एक चप्पल बळी पडली. पण साडेतीनला काकू स्वतःचा चहा घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतात. चहा त्यांचा, बिनसाखरेच्या भाकरीचा तुकडा त्याचा. परवा मी लवकर परतले, तर दाराला कुलूपच नव्हतं.

हे लक्षात ठेवा

• द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगम कुत्र्याला कधीही नको. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात.

• मोठा कुत्राही सलग चार-पाच तासांहून जास्त एकटा नको. लहान पिल्लू तर त्याहून खूपच कमी वेळ.

• उन्हाळ्यात सावली, वारा आणि दोन ठिकाणी पाणी हवंच. एक भांडं सांडलं तर दुसरं असतं.

• एकटा असताना कुत्रा आवडतं खाणंही शिवत नसेल, सारखी लाळ गाळत असेल, घरात लघवी करत असेल किंवा दार ओरबाडून स्वतःला जखमी करत असेल, तर तो कंटाळा नव्हे, भीती असू शकते. रागावू नका, मारू नका. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.