हत्याराची ओळख नीट लिहा

नवा कारागीर कामाला आला की आपण त्याला नुसते ‘पटाशी घे’ म्हणत नाही. कोणती, कशासाठी आणि कुठे वापरायची नाही, हेही सांगतो. संगणकावरचा बिलाचा प्रोग्राम तपासणाऱ्या एआय एजंटचेही तसेच आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा साचा देता येतो. टूलच्या आतला कोड एजंटपुढे नसतो. वर्णन वाचूनच तो टूल निवडतो.

‘बटण दाबते’ एवढेच लिहिले, तर कोणते बटण, हे तो अंदाजाने ठरवणार. आम्ही असे लिहू: ‘दिलेल्या ऑटोमेशन आयडीचे बटण एकदाच दाबते. बटण न सापडल्यास चूक कळवते. बिल जतन झाले का, हे तपासत नाही; त्यासाठी “बिल वाचा” हे टूल वापरावे.’

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. ते नसेल तर बटण दाबले गेले म्हणजे चाचणी पास, असे एजंट धरून चालेल. आणि चुकीचे बिल गिऱ्हाइकाच्या हाती पडेल.

या धंद्यात उतरणाऱ्या आपल्या मुलांनी कोडबरोबर नेमके लिहायलाही शिकावे, एवढीच आमची विनंती.