माशाच्या पोटातली हवा

लेकरांनो, अमेरिकेच्या उत्तर अंगाला, कॅनडाच्या हद्दीला लागून मिनेसोटा नावाचं राज्य आहे, आणि दहा हजार तळ्यांचा मुलूख अशी त्याची ख्याती आहे. हिवाळा बसला की ही तळी गोठून टणक होतात, आणि मग तिथली माणसं शेकोटी धरून घरात बसायचं सोडून, गळ घेऊन त्या बर्फावर जातात. गिरमिटानं बर्फाला वीतभर रुंद भोक पाडायचं, त्यात तरंगणारा चुरा झाऱ्यानं काढून टाकायचा आणि स्टुलावर बसून खालच्या काळ्या पाण्यात गळ सोडायचा. मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर तर थंडीत खोपटांची वस्तीच उभी राहते, आणि बर्फ पुरेसा जाड झाला की तिथवर मोटारीसुद्धा बर्फावरूनच जातात.

आता तुम्ही म्हणाल, वर एवढा बर्फ, मग खाली मासे जिवंत कसे? तीच तर पाण्याची करामत. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड होतं, त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होऊन वर येतं. म्हणून तळं वरून गोठतं आणि तळाशी चार अंशांच्या आसपासचं पाणी राहतं. मासे त्या पाण्यात तग धरून असतात, पण थंडीनं अंगातली धग मंदावलेली असते, त्यामुळे पुष्कळसे मासे फार लांब धावून आमिष धरायला येत नाहीत. आमिष त्यांच्या तोंडासमोरच न्यावं लागतं. आणि बर्फाखाली तोंड कुठं आहे हे दिसणार कसं? तिथं डोळा चालत नाही, कान लागतो.

पाण्यातल्या आवाजाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरावर कोलाडों नावाचा एक शास्त्रज्ञ रात्री होडीत बसून राहिला, कानाशी लांबलचक पत्र्याची नळी, तिचं दुसरं टोक पाण्यात. तेरा किलोमीटरहून दूर, पलीकडच्या अंगाला पाण्याखाली एक घंटा टांगलेली. तिच्यावर टोला पडला की त्याच क्षणी वर बंदुकीची दारू भडकायची. कोलाडोंनं उजेड पाहिला की घड्याळ चालू करायचं आणि नळीतून टोला ऐकू आला की थांबवायचं. मध्ये नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ गेला. हिशेब निघाला सेकंदाला १४३५ मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त वेग! दिव्याच्या उजेडात घड्याळावर नजर लावून बसलेल्या त्या माणसाचा आकडा आजच्या मापाच्या अगदी जवळ आहे, बरं का.

पुढं १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांना दिसलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उपजते. आणि उलट, त्यांना वीज दिली की ते थरथरतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लांजव्हँ या शास्त्रज्ञानं पाणबुड्या हुडकायला असाच स्फटिक पाण्यात थरथरवला आणि त्याचा पडसाद ऐकला. युद्धातली ही विद्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्स या अमेरिकन माणसानं हौशी मच्छीमारांसाठी एका छोट्या हिरव्या पेटीत आणली. आज आपल्या कोकणातल्या मोठ्या मासेमारी नौकांवर मासे हुडकणारा फिश फाइंडर दिसतो, तो याच कुळातला.

यंत्र करतं काय? दोरीला बांधलेली एक डबी भोकातून पाण्यात सोडतात. ती आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाजाचा ठोका खाली धाडते आणि पडसादाची वाट बघते. तीस फूट पाण्यात हा जायचा-यायचा प्रवास सेकंदाच्या सत्तराव्या भागाच्याही आत उरकतो. आणि खरी नवलाची बाब पुढंच आहे. माशाचं मांस बहुतेक पाणीच, त्यातून आवाज फारसा न अडखळता पार जातो. पण माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते, तिच्या आधारानं तो पाण्यात ना बुडता ना तरंगता एका जागी राहतो, आणि पाण्यातला आवाज हवेच्या भिंतीला लागला की जवळजवळ सगळा मागं फिरतो. म्हणजे यंत्राला जो मासा ‘दिसतो’, तो मुख्यतः त्याच्या पोटातली हवा!

माझ्या भाच्यानं मला एकदा तिकडच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या खोपटात नेऊन बसवलं होतं. त्याच्याकडे फ्लॅशर होता, म्हणजे गोल तबकडीचं, रंगीत उजेडाच्या पट्ट्या दाखवणारं यंत्र. हिरवी पट्टी म्हणजे क्षीण पडसाद, नारिंगी मध्यम, तांबडी जोरकस. अठ्ठावीस फुटांवर तळाची जाड तांबडी पट्टी होती आणि तिच्या थोडं वर एक बारीक हिरवी रेघ. म्हाताऱ्यानं काठी बोटभर उचलली की ती रेघही बोटभर हलायची. तो त्याचा स्वतःचा गळ होता. बऱ्याच वेळानं तळाची पट्टी जरा फुगल्यासारखी झाली, तिच्यातून एक तुकडा सुटला, हिरव्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा तांबडा. म्हाताऱ्यानं गळ हळूच वर घेतला, तो तुकडाही मागोमाग वर आला, दोन्ही रेघा एक झाल्या आणि काठी वाकली. वर आला तो वॉलआय, अंधारात डोळे चकाकणारा तिथला लाडका मासा.

हे एवढं कळलं की यंत्र निवडणं अवघड नाही. फ्लॅशर आत्ता काय चाललंय ते तत्क्षणी दाखवतो. पडद्याचं यंत्र मघाशी काय येऊन गेलं त्याचाही माग ठेवतं, पण कडाक्याच्या थंडीत पडदा सुस्तावतो का, हे विचारून घ्यावं. मग आवाजाचा झोत बघायचा. रात्री शेतात बॅटरी मारली की उजेड जसा लांब जाता जाता पसरतो, तसा हा झोत पसरतो. वीस अंशांचा झोत तीस फुटांवर साधारण साडेदहा फूट रुंद होतो, नऊ अंशांचा पावणेपाच फूट. उथळ पाण्यात रुंद झोत बरा, जास्त जागा धुंडाळतो. खोल पाण्यात किंवा तळ उताराचा असेल तिथं अरुंद बरा, नाहीतर उताराच्या पडसादात तळाशी टेकलेला मासा लपून जातो. एकमेकांजवळच्या दोन गोष्टी यंत्र किती बारकाईनं वेगळ्या दाखवतं, तेही बघावं. आवाजाचा ठोका जितका आखूड, तितकी ही बारकाई जास्त. शेजारच्या खोपटातल्या यंत्राचा आवाज आपल्या तबकडीवर उमटू नये, अशी सोय हवी. राहिली बॅटरी. शिशाची जड आणि गारठ्यात लवकर ढेपाळणारी. लिथियम आयर्न फॉस्फेटची हलकी, मात्र ती गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करायची नाही, घरी आणून ऊब आल्यावरच.

हे यंत्र खोली सांगतं, ती माशाच्या भल्यासाठीही वाचावी. वॉलआय आणि पर्च या माशांचं वाताशय बंद असतं, त्यातली हवा झटकन बाहेर पडत नाही. तीस फुटांहून खोल पाण्यातून त्यांना भराभर वर ओढलं की ती हवा फुगते आणि आतल्या अवयवांना इजा होते. असा मासा परत सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. ज्याला मासे धरून सोडून द्यायचे आहेत, त्यानं खोल आकडा दिसला की गळ गुंडाळून उथळ पाण्याकडे सरकावं.

नवख्यानं माझं ऐकायचं तर वीस अंशांचा, तीन रंगांचा साधा फ्लॅशर घ्यावा; पडसाद ओळखायला त्याच्यावर शिकता येतं, आणि महागडी यंत्रं नंतर आहेतच. पण पायाखालचा बर्फ किती जाड आहे, ते ठरवण्याचं काम या यंत्राचं नव्हे, ते गिरमिटानं ठिकठिकाणी भोक पाडून स्वतःच मोजायचं असतं. पायी जायला नवा, स्वच्छ बर्फ निदान ४ इंच हवा, असं मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं सांगतं. तेवढा भरला तरच पुढं पाऊल टाका. मासे काय, उद्याही तिथंच असतात.