ट्रॅक्टरची बॅटरी सोडताना व जोडताना

पेरणी आटोपली की ट्रॅक्टर पुष्कळ दिवस उभा राहतो आणि ऐन नांगरटीच्या वेळी सुरू होत नाही. म्हणून अनेक शेतकरी बॅटरी सोडवून ठेवतात. विचार उत्तम, परंतु कोणती तार आधी सोडावी, याचा विचार क्वचितच होतो.

हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. इंजिन बंद करून, किल्ली काढून प्रथम हीच तार सोडावी. धन तार आधी सोडू गेल्यास पाना सांगाड्याला टेकताच ठिणग्या उडतात. १२ व्होल्टांचा झटका सहसा जाणवत नाही, हे खरे. पण त्या प्रवाहाने पाना लालबुंद होतो. पाना व सांगाडा यांत हातातील कडे सापडून एका तरुणाचे मनगट भाजलेले मी पाहिले आहे. तेव्हा कडे, अंगठी आधी उतरवावी. जोडताना क्रम उलटा: धन तार आधी, ऋण शेवटी. काही जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला असते. तेथे तीच तार प्रथम सोडावी व शेवटी जोडावी.

भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी वा कंदील नेऊ नये. आत गंधकाम्ल असल्याने ती आडवी करू नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने धुवत राहावे व तडक दवाखाना गाठावा.

टोकांवरील पांढरा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि जोडणीनंतर व्हॅसलीन लावावे. सोडवून ठेवलेली बॅटरीही महिन्या-दोन महिन्यांनी भारित करून घ्यावी.