दहा ओळींचा बॉट

ट्विटर २००६ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी बाहेरच्या प्रोग्रामर मंडळींसाठी त्याचा एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून ट्विटर वापरायचा मार्ग, खुला झाला. तेव्हा आपोआप पोस्ट टाकणारा बॉट लिहायला फार काही लागत नसे. पायथन किंवा पर्लमधली छोटी स्क्रिप्ट, तिच्यातच उघडपणे टाकलेला पासवर्ड आणि ठरल्या वेळी ती चालवणारा सर्व्हरवरचा क्रॉन. आज असा पासवर्ड कुणी टाकला तर सहकारी कपाळाला हात लावतील.

याच तुटपुंज्या सामग्रीवर अमेरिकेतल्या कवयित्री आणि प्रोग्रामर अ‍ॅलिसन पॅरिश यांनी २००७ मध्ये ‘एव्हरीवर्ड’ सुरू केला. इंग्रजी शब्दांची वर्णानुक्रमे लावलेली एक यादी घ्यायची, दर अर्ध्या तासाला पुढचा शब्द उचलायचा, पोस्ट करायचा. बस्स. एखाद्या साध्यासुध्या शब्दाखालीही लोकांचे विनोद आणि टोमणे जमायचे. जून २०१४ मध्ये यादी संपली, तोवर सुमारे १ लाख ९ हजार शब्द झाले होते! लंडनच्या बिग बेनच्या नावाने चालणारं एक खातं तर दर तासाला टोले पडतील तितकेच ‘बाँग’ लिहायचं.

नवशिक्याला पहिली ठेच लागे ती दुसऱ्याच पोस्टला. ‘हॅलो वर्ल्ड’ झोकात जायचं, आणि तीच स्क्रिप्ट लगेच पुन्हा चालवली की ट्विटर मजकूर परत करायचं: हे तुम्ही आधीच म्हणून झालंय. मग मजकुरात वेळ नाहीतर एखादा रँडम आकडा घुसडायचा.

ऑगस्ट २०१० च्या अखेरीस पासवर्डची पद्धत बंद होऊन किल्ल्यांवर चालणारं ओऑथ आलं. आता चार लांबलचक किल्ल्या सांभाळायच्या. पायथनवाल्यांचा बराच ताप ‘ट्वीपी’ या लायब्ररीने वाचवला. किल्ल्या दिल्या की पोस्ट टाकायला एक ओळ पुरे. २०१५ मध्ये ‘चीप बॉट्स डन क्विक’ आलं आणि कोड न येणारेही बॉट करू लागले.

मधल्या काळात एक गंमतही झाली. बॉट म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेलं ‘हॉर्स ईबुक्स’ हे खातं चक्क माणसं चालवत होती, हे सप्टेंबर २०१३ मध्ये उघड झालं.

पण २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीनंतर खोट्या खात्यांवरून गदारोळ उठला आणि जुलै २०१८ पासून साध्या बॉटसाठीही आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागू लागली. ज्यांच्यामुळे हे झालं ते थोडेच अर्ज करत बसणार होते!

फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत एपीआय बंद होणार असल्याचं जाहीर झालं. ओरड झाल्यावर महिन्याला १,५०० पोस्टची मोफत सोय ठेवली गेली, फक्त लिहिण्यापुरती. इतरांच्या पोस्ट वाचायच्या तर तेव्हा महिन्याला किमान १०० डॉलर मोजावे लागत. ‘एव्हरीवर्ड’ला ३१ दिवसांच्या महिन्यात १,४८८ पोस्ट लागल्या असत्या, म्हणजे तो जेमतेम तगला असता. लोकांच्या चुका शोधून त्यांना उत्तर देणाऱ्या बॉटचे मात्र कानच कापले गेले.

अनेकांनी मग अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची वाट धरली. तिथे प्रोफाइलच्या सेटिंगमध्येच ‘हे स्वयंचलित खातं आहे’ अशी खूण करता येते. बॉटसाठीच २०१७ मध्ये उघडलेला ‘बॉट्सइन.स्पेस’ हा सर्व्हर मात्र डिसेंबर २०२४ पासून नव्या पोस्ट घेत नाही.