शय्याव्रण, खुब्याच्या अस्थिभंगातील
हाडाचा उंचवटा आणि अंथरूण यांच्यामध्ये दीर्घकाळ दाबली गेल्याने त्वचा व तिच्याखालील ऊतके मृत होऊन जी जखम होते, तीस शय्याव्रण म्हणतात. खुब्याचा अस्थिभंग म्हणजे ऊर्वस्थीच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या टोकाचा भंग होय. उतारवयात तो साध्या पडण्यानेही होतो व अशा रुग्णांत शय्याव्रणाचा धोका विशेष असतो.

दाबामुळे केशवाहिन्या मिटतात व ऊतकांचा रक्तपुरवठा थांबतो. दाब जितका अधिक तितका ऊतकनाशास लागणारा काळ कमी, असे मायकेल कोसिआक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. खुबा मोडलेल्या रुग्णास वेदनेमुळे कूस बदलता येत नाही. तो उताणाच पडून राहतो. त्यामुळे त्रिकास्थीवरील (माकडहाडाच्या वरील) भाग आणि टाचा येथे व्रण अधिक आढळतात. मोडलेला पाय बाहेरच्या बाजूस वळलेला असल्याने त्या टाचेची बाहेरील कड व घोटाही दाबला जातो. कुपोषण, मधुमेह, पायांतील अपुरा रक्तपुरवठा, बुद्धिभ्रम आणि लघवीने भिजलेली त्वचा यांमुळे धोका वाढतो.

शय्याव्रण हा शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेतील दोष, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. खोलवरच्या ऊतकांना झालेली इजा त्वचेवर दिसण्यास बहुधा ४८ ते ७२ तास लागतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दिसलेल्या जांभळट डागाचा उगम पडल्यावर जमिनीवर काढलेल्या रात्रीत, रुग्णवाहिकेच्या कठीण स्ट्रेचरवर, क्ष-किरण विभागातील ताटकळण्यात किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावरही असू शकतो. म्हणून त्वचेची पहिली तपासणी दाखल होतानाच करून ती नोंदविणे आवश्यक ठरते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे हात लावून उष्णता, कठीणपणा वा दुखरेपणा पाहावा लागतो.

धोका अजमावण्यासाठी नॉर्टन (१९६२), वॉटरलो (१९८५) व ब्रेडन (१९८७) या गुणांकन श्रेणी वापरतात. ब्रेडन श्रेणीत ६ ते २३ गुण असतात व गुण जितके कमी तितका धोका अधिक. परंतु खुबा मोडलेल्या वृद्धास गुण पाहण्यापूर्वीच धोक्यातील मानणे शहाणपणाचे होय.

प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे लवकर शस्त्रक्रिया करून रुग्णास उठवून बसविणे. शक्यतो दाखल झाल्याच्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी ती करावी, अशी शिफारस ब्रिटनमध्ये २०११ पासून आहे. पायास वजन बांधून कर्षण देण्याची जुनी प्रथा शस्त्रक्रियेपूर्वी नेहमी वापरण्यात लाभ आढळलेला नाही. उलट कर्षणाच्या पट्ट्याखाली टाच दडून राहते व तिची पाहणी होत नाही. पोटरीखाली उशी ठेवून टाच पूर्णपणे अधांतरी ठेवावी. वेदनाशामक पुरेसे दिल्यासच कूस पालटणे साधते. ही गोष्ट वारंवार दुर्लक्षिली जाते. रुग्णास पूर्ण कुशीवर न वळविता सु. ३० अंशांनी तिरपे ठेवतात. दाब विभागणारी गादी, प्रथिनयुक्त आहार व कोरडी त्वचा यांचीही जोड हवी. लाल झालेल्या जागी स्पिरिट चोळणे आणि कडीच्या आकाराच्या रबरी उशा वापरणे या पूर्वापार चालत आलेल्या पद्धती हानिकारक ठरल्या आहेत. चोळण्याने आधीच दुखावलेली ऊतके अधिक फाटतात, तर कडीच्या काठावर दाब एकवटतो.

व्रण खोल गेल्यास हाडास जंतुसंसर्ग वा रक्तात जंतुविषबाधा होऊन मृत्यूही ओढवतो. मृत ऊतके काढून टाकणे हा उपचाराचा सामान्य नियम आहे. टाचेवरील कोरडी, घट्ट चिकटलेली व संसर्गरहित काळी खपली मात्र तशीच राखतात.